पट्टा पडल्यावर

साखर कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडं ‘पट्टा पडला’ म्हणतात. मार्च-एप्रिलात कधीतरी पट्टा पडतो आणि राणीसावरगावच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर ट्रक-ट्रॅक्टर रिकामे व्हायला लागतात. दसऱ्यानंतर गेलेली माणसं भांडी, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या आणि कधी कधी तिकडंच जन्मलेलं लेकरू घेऊन उतरतात. पुढं महिनाभरानं कॉलेजच्या परीक्षा संपतात, मग पुण्या-नांदेडला शिकायला गेलेली पोरं येतात. नवरात्रात रेणुकादेवीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नसते हे खरं, पण ती गर्दी बाहेरची. तेवढी यात्रा उरकली की ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. गावातली आपली माणसं मोजायची असतील तर मे महिन्यातच मोजावीत.

या दोन्ही परतणाऱ्यांकडं वेळ तेवढाच, मृगापर्यंतचा. तेवढ्यात लग्नं लावायची, पत्रे बदलायचे, देणं-घेणं मिटवायचं, आणि सरकारदरबारची सगळी कागदं करून घ्यायची. ऊसतोड कामगाराचं कागदोपत्रीचं अख्खं वर्ष या दीड-दोन महिन्यांत बसवावं लागतं. मी हे बघितलं ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं, कारण २०१९च्या उन्हाळ्यात मी गावातल्या ‘ऑनलाइन’वर कामाला होतो.

तेव्हा मी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, एका खोलीत सहा जण. परीक्षा संपली की प्रत्येक वर्षी एकच पेच: मे-जूनचं भाडं भरून कॉट धरून ठेवायची, का ट्रंक उचलून निघायचं आणि जुलैत नव्यानं खोली शोधायची? त्या वर्षी पेच पडलाच नाही. आदल्या पावसाळ्यानं दगा दिला होता. राज्यातल्या १५१ तालुक्यांत ऑक्टोबरातच दुष्काळ जाहीर झाला होता आणि खोलीतल्या सहापैकी मराठवाड्याचे आम्ही जे होतो, ते जानेवारीपासूनच मेसचा एक वेळचा डबा लावून होतो. रिकाम्या कॉटचं भाडं भरणं म्हणजे चैन. ट्रंक एका नगरच्या मित्राकडं टाकली आणि पनवेल-नांदेड गाडी धरली. ती रात्रभर कुर्डुवाडी, लातूर, परळी करत सकाळी गंगाखेडला सोडते. तिथून एसटीनं गोदाकाठ मागं टाकून बालाघाटाच्या चढाला लागायचं.

गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव. पोरवयातच ती पंढरपूरला नामदेवाच्या घरी कामाला गेली, असं सांगतात. आमच्या तालुक्यातून लहानपणीच परमुलखात कामाला जाण्याची रीत किती जुनी आहे, हे कुणी विचारलं तर मी तिचं नाव सांगतो. तिनं दळण-कांडणातून अभंग केले. बाकीच्यांना ते जमलेलं नाही.

घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत जो भेटेल तो ‘कवा आलास?’ नंतर लगेच ‘किती दिवस हाईस?’ विचारतो. त्यात माया असते, पण हिशेबही असतो. शिकलेलं पोरगं गावात किती दिवस आहे यावर कुणाकुणाची कामं अडलेली असतात. पूर्वी अशा पोराकडून पत्र वाचून घ्यायचे, मनीऑर्डरचा फॉर्म भरून घ्यायचे. आता फॉर्म ऑनलाइन झाले, पण पोराला बोलावणं तसंच येतं. ऑनलाइनच्या मालकानं वडिलांकडं निरोप धाडला, ‘पोरगं घरी बसून काय करायलंय, पाठवा की.’ महिन्याला चार हजार आणि दोन वेळचा चहा. पुढच्या वर्षाच्या फीचा अर्धा भाग यातून निघत होता. दुसऱ्या दिवशी गेलो.

दुकान म्हणजे बसस्टँडजवळचा एक गाळा. बाहेर आपले सरकार सेवा केंद्राचा फलक, आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, अंगठा घ्यायचं यंत्र, आणि भिंतीवर दरपत्रक. उत्पन्नाच्या दाखल्याची फी तेव्हा ३३ रुपये ६० पैसे. हे साठ पैसे कुणी ठरवले देव जाणे. त्यावरून रोज एक तरी विनोद व्हायचा. लाइट गेली की इन्व्हर्टर तासभर चालायचं. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यामुळं गर्दी सकाळी आठ ते अकरा आणि पुन्हा पाचनंतर. मधल्या वेळात साइट जरा हलकी चालायची, म्हणून आम्ही सकाळी कागद स्कॅन करून घ्यायचो आणि दुपारी अपलोड करायचो.

कामात शहाणपण कमी आणि चिवटपणा जास्त लागतो. फोटो पाच ते वीस केबीच्या मधलाच पाहिजे. एकवीस झाला तर साइट घेत नाही. कागद पंच्याहत्तर ते पाचशे केबीच्या आत. घामानं चिकटलेलं, चार घड्यांचं, घडीवर फाटलेलं रेशनकार्ड पाचशे केबीत वाचता येईल असं बसवणं ही कला आहे, आणि ती मला बी.कॉम.च्या कुठल्याही पेपरापेक्षा चांगली जमली. जन्मतारखांचा तर वेगळाच मामला. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली तारीख ती. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांच्या आधारवर १ जानेवारी. एकाच घरातल्या तीन भावांचा १ जून बघून बाहेरच्या माणसाला संशय येतो, आम्हाला १४ ऑगस्ट दिसला तर येतो.

ओटीपीनं मात्र सगळ्यात जास्त दमवलं. ऊसतोडीला गेलेला माणूस त्या भागात नवं सिम घेतो, कारण ऑफर असते किंवा जुन्याला फडात रेंज नसते. आधारला नंबर जोडलेला असतो दोन हंगामांपूर्वीचा. ते सिम कुठं? भाच्याकडं. भाचा कुठं? चिकोडीकडं, विहिरीच्या कामावर. मग भाच्याला फोन, भाचा विहिरीत, वरचा माणूस म्हणतो थांबा. तोवर ओटीपीची मुदत संपते. दुसरा पाठवायचा. एकदा भाच्यानं सहाही आकडे बरोबर सांगितले, पण आधीच्या मेसेजमधले. बाकड्यावर बसलेली माणसं हे सगळं क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं ऐकायची आणि ओटीपी लागला की खरोखर टाळी वाजायची.

त्या उन्हाळ्यात एक प्रश्न रोज यायचा: ‘माझे दोन हजार आले का बघ.’ फेब्रुवारीत पीएम किसान योजना सुरू झाली होती, वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. लोकसभेच्या निवडणुकीआधी काहींच्या खात्यात पहिला हप्ता पडलाही होता. तेव्हा दोन हेक्टरांपर्यंतच्याच शेतकऱ्याला ती लागू होती. मेच्या शेवटी नव्या सरकारनं ती अट काढायचं ठरवलं. आमच्या डोंगरपट्ट्यात अटीचा अडसर फारसा नव्हताच. दोन हेक्टरच्या वर जमीन असणारा माणूस ऊस तोडायला कशाला जाईल?

माझी चुलती, म्हणजे काकू, या पीएम किसानवाल्यांत होती. वाटण्या झाल्या तेव्हा आजोबांनी दीड एकर काकूच्या नावावर केलं, काकांच्या नाही. कारण गावाला माहीत आहे, इथं लिहायला नको. काका-काकू दर वर्षी कोल्हापूर, सांगलीकडं नाहीतर सीमेपलीकडं बेळगावच्या भागात तोडीला जातात. एक कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघं मिळून एक. नवरा तोडतो, बायको वाढं काढून मोळ्या बांधते आणि गाडी भरायच्या वेळी फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढते.

काकूचे दोन हजार आलेले होते. काढायचे तर दुकानात आधारवर अंगठा लावून काढता येत होते. ती पदर खोचून पुढं आली, अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. मी म्हटलं, साबणानं धुवून ये. धुवून आली. लाल. मालकांनी आपला हुकमी उपाय केला: कपाळाला बोट घासायला लावलं, घामाचा-तेलाचा ओलावा लागतो. तरी लाल. मग एकामागून एक दहाही बोटं. मी तिचा हात हातात धरून बोट सरळ करत होतो तेव्हा ते पहिल्यांदा नीट बघितलं. तळहाताला काळपट चिरा, उसाच्या पानांनी बारीक बारीक कापलेलं, आणि अंगठ्याच्या पेराची कातडी गुळगुळीत, चकाकणारी. रेषा म्हणून काही नव्हतीच. पाचटाच्या वेठानं मोळ्या आवळून आवळून ती सगळी घासून गेलेली.

‘बोटंच ऱ्हायली नाहीत बघ सरकारच्या कामाची,’ काकू म्हणाली आणि हसली. बाकड्यावरच्या बायकाही हसल्या, कारण त्यांचीही तीच गत होती.

मालक या धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी सांगितलं, ‘वैनी, दोन-तीन हप्ते कोयता, खुरपं धरू नका, राती खोबरेल लावा आन् मग या.’ मला वाटलं समजूत काढायलेत. पण ते खरं निघालं. बोटावरच्या रेषांचं मूळ वरच्या कातडीच्या खाली असतं. वरचा थर घासून गेला तरी हाताला उसंत मिळाली की त्याच रेषा पुन्हा वर येतात. एप्रिलात फडावरून आलेल्या माणसाचा अंगठा उठत नाही, जूनच्या सुरुवातीला उठतो. मालकांना हे कुण्या डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं. हंगामामागून हंगाम लाल-हिरव्या दिव्याकडं बघून त्यांना ते उमगलं होतं.

आता याचा हिशेब मांडा. माणसं एप्रिलात येतात. अंगठे यायला मेचा शेवट. त्यात तलाठी आप्पा निवडणुकीच्या कामात, नंतर टंचाईच्या कामात, त्यांच्याकडं चार गावं. दाखल्याला सरकारी मुदत पंधरा दिवसांची, ती कागद पूर्ण असल्यापासून. जूनमध्ये पेरणी. आणि दसऱ्यानंतर पुन्हा गाडी. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका जागी राहणारा, एकच सिम वापरणारा आणि बोटं शाबूत असलेला माणूस असतो. तसा माणूस राणीसावरगावात नाही असं नाही. पण दुकानात रांगेत उभा असतो तो दुसराच.

उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात वार्षिक उत्पन्न लिहावं लागतं. मी वाणिज्य शाखेचा, मला हा रकाना सोपा वाटायला हवा होता. पण समोरचा माणूस म्हणतो, ‘लाखभर उचल घेतली.’ तोडीआधीच मुकादमाकडून आगाऊ मिळणारी ही उचल उत्पन्न का कर्ज? दसऱ्याला हातात आली तेव्हा पैसा होती. फेडली नाही तोवर देणं आहे. आणि फिटते ती पैशानं नाही, सहा महिन्यांच्या अंगमेहनतीनं. पुस्तकात आगाऊ रक्कम कुठल्या बाजूला लिहायची ते शिकवतात, पण ज्याला ती मिळते तोच तारण असतो तेव्हा काय करायचं हे नाही. अर्जावर शेवटी तलाठ्याच्या अहवालातला आकडा जायचा. तो बहुतेकांचा जवळपास सारखा असायचा, आणि शिष्यवृत्तीला तो चालायचा, म्हणून कुणी तक्रार करत नव्हतं.

जातीच्या दाखल्याचं काम त्याहून किचकट. आमच्याकडं वंजारी, धनगर, बंजारा वस्ती बरीच. विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा पुरावा लागतो, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. पुरावा म्हणजे काय? आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शाळेत गेले असते तर नातू दाखल्यासाठी ताटकळला असता का, असं मालक म्हणायचे. मग वडिलांच्या बाजूचा रक्ताचा नातेवाईक शोधायचा, ज्याचं नाव कधी का होईना शाळेच्या रजिस्टरात पडलं. नाहीतर खासरा पाहणी पत्रक, १९५४चं. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं त्याच्याही मागं जायचं तर कागद उर्दूत, एखादा मोडीत. एक म्हातारे पिशवीतून मखमली कापडात गुंडाळलेला कागद घेऊन आले. पिढ्यान् पिढ्या तो जमिनीचा दस्त म्हणून जपलेला. गंगाखेडला एका वयस्कर मौलवींकडून वाचून घेतला तर ती बैलाच्या खरेदीची पावती होती. म्हाताऱ्यांनी ती लॅमिनेट करून घेतली. ‘बैल तरी आमचा व्हता ना,’ म्हणाले.

सगळ्यांनाच लॅमिनेशन हवं असायचं. कागद मिळाला की पहिला प्रश्न: ‘याला प्लास्टिक लावतोस का?’ पावसाळ्यात गळणारं घर आणि हंगामात पाचटाची कोपी, यातून कागद वाचवायचा तर त्यांचं बरोबरच होतं. पोर्टलवरच्या सहीचा कागद कितीही वेळा पुन्हा काढता येतो हे मी समजावून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि वीस रुपये पुढं करायचे.

२८ मेला बारावीचा निकाल लागला, ८ जूनला दहावीचा. दहावीच्या निकालाचा शनिवार मी विसरणार नाही. त्या वर्षी भाषेच्या पेपरांतले तोंडीचे वीस गुण काढून टाकलेले, त्यामुळं राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. आम्हाला दुपारी एकला ते माहीत नव्हतं. आम्हाला फक्त एकेक चेहरा उतरताना दिसत होता. निकाल बघायला तेव्हा बैठक क्रमांक आणि आईच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकावी लागायची. पोरं रांगेत येऊन हळूच आईचं नाव सांगायची. सखुबाई, रुक्मिण, गयाबाई, सत्यभामा. काही आया स्वतःच मागं उभ्या होत्या आणि आपलं नाव मशीनमध्ये टाकल्याशिवाय लेकराचा निकाल उघडत नाही, हे बघून त्यांना गंमत वाटत होती. एक जण मला म्हणाली, ‘माझं नाव टाकून बघ ना नीट, नापास कसा होईल?’ दोन विषय राहिले होते. पुरवणी परीक्षा जुलैत असते, फॉर्म इथंच भरू, असं मी त्या पोराला सांगितलं. तिनं विचारलं, ‘म्हंजी ह्या साली कोयत्यावर न्यायचं का नाय?’ पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा अर्धा कोयता होतो. उत्तर माझ्याकडं मागितलेलं नव्हतं, तरी मी ‘नको’ म्हणालो.

संध्याकाळी दुकान बंद करताना काही माणसं थांबायची, त्यांना वह्या दाखवायच्या असायच्या. मुकादमाकडच्या हिशेबाची नक्कल, शाळेच्या वहीच्या पानावर. कारखान्याचा करार असतो वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा तोंडी बोलीवर कोयत्याशी. वहीत वर उचल, खाली हप्त्याहप्त्याला तोडलेले टन, मध्ये किराणा, दवाखाना, आणि ‘खाडा’. नवरा-बायकोतलं एक जण जरी आजारी पडलं तरी कोयता बंद, म्हणून खाडा पडतो आणि दिवसाला पाचशे वजा होतात. शेवटी ‘अंगावर बाकी’. ही बाकी पुढच्या दसऱ्याच्या उचलीतून आधीच कापलेली असते, म्हणजे पुढचा हंगाम या हंगामातच विकलेला.

निकालाच्या त्याच संध्याकाळी काकूनं तिची वही आणली. काका नव्हते तेव्हा आणली. ‘बेरीज बरुबर हाय का तेवढं बघ.’ मी बघितली, बरोबर होती. टन खरे आहेत का ते मी सांगू शकत नव्हतो, कारण वजनाची पावती गाडीच्या नावानं निघते, कोयत्याच्या नाही. पान उलटून बघितलं. पहिल्या पानावर काकांचं नाव, गाव, उचलीची रक्कम, काकांचा अंगठा. अख्ख्या वहीत काकूचं एक अक्षर नव्हतं. दुपारी त्याच टेबलावर आईच्या नावाची तीन अक्षरं टाकल्याशिवाय एकाही पोराचा निकाल उघडला नव्हता. इथं मोळ्या बांधून बोटांच्या रेषा गेलेली बाई हिशेबात कुठंच नव्हती. मी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, ‘मग? कोयत्याला काय दोन नावं असतेत का?’

त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, खाडा पडू नये म्हणून, अशा बातम्या उन्हाळाभर येत होत्या. राज्य सरकारनं चौकशीला समितीही नेमली. दुकानात पेपर यायचा. बायका तो माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि वाचून झाला की काही न बोलता आपल्या फॉर्मचं विचारायच्या. मी त्यांना काही विचारलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोरानं काय विचारायचं?

पाऊस त्या साली लांबला. मान्सून कोकणातच २० जूनच्या सुमाराला आला, आमच्याकडं आणखी पुढं. शेतकरी आभाळाकडं बघून कासावीस, आणि आमच्या दुकानात मात्र त्या पंधरा दिवसांत तुंबलेली कामं निघाली. अंगठे आले होते, तलाठी मोकळे झाले होते. काकूनं दोन हजार काढले. पाचशे माझ्या हातात कोंबले, ‘पुण्याला जाताना’ म्हणून. मी परत दिले, तिनं ते आईकडं दिले, आईनं माझ्या पिशवीत टाकले. मालकांनी दोन महिन्यांचे आठ हजार दिले. जुलैच्या पहिल्या हप्त्यात मी निघालो तेव्हा बरेच अर्ज ‘प्रलंबित’ होते, आणि त्यांचे टोकन नंबर मी मोबाइलमध्ये टिपून घेतले होते. पुण्यातल्या नव्या खोलीतून रात्री एकेक टाकून बघायचो आणि गावाकडं कळवायचो. मालकांनी ते काम दिलेलं नव्हतं. पण एकदा आपल्या हातानं अपलोड केलेला अर्ज अर्ध्यावर लटकलेला बघवत नाही, तो ज्याचा असेल त्याचा असो.

पुढच्या साली कोरोना आला आणि सगळंच उलटंपालटं झालं. मी मार्चअखेरीलाच घरी. काका-काकू मात्र अडकलेले. फडातच, कोपीत. १७ एप्रिल २०२०ला राज्य सरकारनं सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना गावी सोडायचा निर्णय घेतला तेव्हा ती आली आणि आधी शाळेत चौदा दिवस राहिली. दुकान बंद. मी घरून मोबाइलवर जमेल तेवढं करायचो. केंद्रानं महिलांच्या जनधन खात्यावर एप्रिल ते जून दरमहा पाचशे टाकले. ते पाचशे बाईच्या नावानं, बाईच्या खात्यात. गावात त्यावरून दोन-चार घरांत भांडणं झाली ती यासाठीच. रेशन दुकानात संसर्गाच्या भीतीनं ग्राहकाऐवजी दुकानदाराचाच अंगठा चालवून घेतला. ज्यांचे अंगठे एरवी उठत नाहीत अशा बायकांना त्या उन्हाळ्यात धान्य बिनबोभाट मिळालं.

नंतरच्या वर्षांत काही गोष्टी हलल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना २०२१मध्ये आली, ४१ तालुक्यांत ८२. गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या महामंडळाचं काम सुरू झालं, ओळखपत्रं ग्रामसेवकाकडून मिळायची सोय झाली. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. वही तशीच आहे.

मी आता नांदेडला एका लेखापरीक्षकाकडं कामाला आहे. उन्हाळ्यात सुट्टी दोन महिन्यांची नाही, चार दिवसांची मिळते, आणि ते चार दिवस मी मेच्या शेवटी घेतो. अंगठे तेव्हा येतात. २०२३मध्ये मात्र पीएम किसानला नवीच सोय निघाली, चेहरा दाखवून केवायसी. ॲप मोबाइलवर उतरवलं, काकूला ओसरीवर उजेडात बसवलं. ॲप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. फोटो म्हटलं की काकू श्वास रोखून डोळे वटारून बसते. तिला पापणी लववायला लावण्यात अर्धी सकाळ गेली. शेवटी चुलत बहिणीनं तोंडावर फुंकर मारली तेव्हा हिरवी खूण आली.

‘झालं? बोट नको, ओटीपी नको?’

‘नको. तोंड बघून ओळखलं तुला.’

तिनं मोबाइल हातात घेऊन स्क्रीनवरचं आपलं नाव बघितलं. वाचता येत नाही, पण कुठं असतं ते तिला ठाऊक झालंय.

‘मुकादमाचा मोबाइल बी असलाच हाय,’ ती म्हणाली. ‘त्येच्यात कवा येतंय हे?’